‘लावा मिळेल’: शिरूरच्या शेगडीवरचा एक पक्षी आणि त्याचं नाव

पुण्याहून नगरकडे निघालात, शिक्रापूर आणि रांजणगाव मागे टाकून शिरूरच्या दिशेला लागलात की रस्त्याच्या कडेला हॉटेलांच्या पाट्या सुरू होतात. चुलीवरचं मटण, गावरान कोंबडी, तंदुरी, आणि अधूनमधून एखाद्या पाटीवर खाली लहान अक्षरांत ‘लावा मिळेल’. मी या रस्त्याने गेली ३ वर्षं फिल्डवर्कसाठी ये-जा करते आहे, आणि ही दोन शब्दांची पाटी मला दर वेळी अडवते. माझ्या प्रबंधाचा विषय दख्खनच्या माळरानावरची छोटी शिकार हा आहे. म्हणजे वाघ-बिबटे नाहीत. तितर, लावे, ससे. ज्यांची फोटोत पाय ठेवून नोंद कुणी ठेवली नाही, अशी शिकार.

तर एके दिवशी थांबले आणि लावा मागवला. आजचा लेख त्या एका ताटाबद्दल आहे. त्या ताटात पक्षी होता, कोळसा होता आणि एक नाव होतं. तिन्ही कुठून आले ते शोधत गेले, तेव्हा माझं एक पूर्ण प्रकरण बदललं.

आधी शेगडी बघू. हॉटेलाच्या दर्शनी बाजूलाच पत्र्याची लांबट शेगडी होती, गुडघ्याच्या वर येईल एवढी, खाली राखेसाठी भोकं आणि वर सळया टेकवायला दोन कडा. एका टोकाला कोळसा जाड रचलेला, दुसऱ्या टोकाला पातळ. मला वाटलं कोळसा कमी पडला असेल. शेगडीवरचे मामा हसले. “ताई, हा बारीक जीव. सगळीकडं सारखा विस्तव घातला तर वरनं काळा आन् आतनं कच्चा.” जाड बाजूला पक्ष्याला रंग आणायचा, पातळ बाजूला शिजू द्यायचा, एवढा साधा हिशेब. कोळसा पेटल्यावर त्यांनी लगेच सळई ठेवली नाही. ज्वाला पूर्ण बसली, निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर धरला, मग तळहात वर धरून अंदाज घेतला.

शेतातला लावा जेमतेम १८० ते २०० ग्रॅमचा, साफ केल्यावर त्याहून बराच कमी. चरबी जवळजवळ नाहीच. आपल्याकडे बहुतेक जण तो सोलतात, म्हणजे पिसांबरोबर कातडीही जाते, आणि मग मांस उघडं पडून पटकन सुकतं. म्हणून मामांनी पाठीचा कणा कात्रीने कापून पक्षी पुस्तकासारखा उघडला, छातीवर तळवा दाबून चपटा केला, हळद-मीठ, आलं-लसूण, हिरवी मिरची आणि थोडं दही चोळून तासभर ठेवला होता. विस्तवावर हाडांची बाजू आधी, मांसाची नंतर. दोन-तीनदा तेलाचा बोळा फिरवला. सगळं मिळून १२-१५ मिनिटं. मांडीजवळ टोचल्यावर रस स्वच्छ निघाला की उतरवायचा. घरी करणार असाल तर हीच पद्धत वापरा, फक्त लहान कोंबडी असेल तर वेळ पाऊण तासाच्या आसपास धरा आणि त्यातला बराचसा वेळ पातळ निखाऱ्याच्या बाजूला झाकण ठेवून काढा. थर्मामीटर असेल तर मांडीच्या जाड भागात ७४ अंश सेल्सियस दिसायला हवं. लावा मात्र वाट बघत नाही. गार झाला की चामट लागतो, म्हणून जेवणारे बसल्यावरच तो विस्तवावर चढवायचा.

ही पद्धत जुनी आहे, आणि किती जुनी ते सांगायचा मोह आवरत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९-३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरच्या पलीकडे. राजाने काय खावं, कसं खेळावं, कशी शिकार करावी हे सगळं त्यात आहे. मांसाचे तुकडे मसाला लावून निखाऱ्यावर भाजण्याची कृतीही आहे. आणि याच ग्रंथात लावे येतात ते झुंजीचे पक्षी म्हणूनही. राजाच्या करमणुकींमध्ये कोंबड्यांच्या झुंजीसारखीच लाव्यांची झुंज सांगितली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याहून मागे गेलात तर चरकसंहितेत लाव आणि तितर हे ‘विष्किर’ गटात येतात. विष्किर म्हणजे पायाने माती उकरून, विखुरून खाणारे. वर्गीकरण किती नेमकं आहे बघा, पक्ष्याला हातात न घेता फक्त खाताना बघून केलेलं. (आणि तितराचं म्हणाल तर तैत्तिरीय शाखेचं नावच त्याच्यावरून पडलं अशी कथा आहे. याज्ञवल्क्याने ओकलेला यजुर्वेद बाकीच्या शिष्यांनी तितर होऊन टिपला म्हणे. आमच्या विभागात मी तितरांवर काम करते म्हटल्यावर एका ज्येष्ठ सरांनी हीच गोष्ट मला चार वेळा सांगितली आहे.)

आता प्रश्न असा की शिरूरचा लावा नेमका कोणता? शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत येतात. भीमा आणि घोड नद्यांच्या काठची काळी जमीन सोडली तर वर मुरमाड माळ, कुसळी गवत, बोरी-बाभळी. या माळावर एक नाही, अनेक लावे आहेत. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून दोन तुटक शिट्ट्या मारणारा वेगळा. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा पाहुणा वेगळा. खडकाळ माळावर कळपाने राहणारा आणि पायाखालून एकदम फर्रकन उडणारा वेगळा. आणखी एक तर दिसायला लावा, पण पायाला तीनच बोटं. त्याच्यातली मादी मोठी आणि रंगीत, अंडी उबवतो नर. शास्त्रज्ञांनी त्याला लाव्यांच्या कुळातून केव्हाच बाहेर काढलंय.

यातल्या खडकाळ माळावरच्या लाव्याला शास्त्रीय नाव पहिल्यांदा दिलं ते कर्नल विल्यम साइक्स यांनी, १८३२ मध्ये. एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं होतं. साइक्स गावोगाव फिरले, शेती, लोकसंख्या, पाऊस मोजला आणि मोजता मोजता पक्षीही गोळा केले. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी भारतातल्या लाव्यांवर स्वतंत्र निबंधच लिहिला. इंग्रजी राज्याने पेशवाई घेतल्यावर काही वर्षांतच इथला लावा लंडनच्या कागदावर गेला होता.

आणि बंदुकीच्या टप्प्यातही. शिरूर आपल्याला मुख्यतः कोरेगावच्या लढाईमुळे आठवतं, ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कंपनीची तुकडी इथूनच निघाली. पण त्या रात्रीच्या आधीही आणि नंतरही शिरूर ही लष्करी छावणी होती, पूना हॉर्स या घोडदळाचं ते बराच काळ ठाणं होतं. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला रविवारी काय करायचं हा प्रश्न नव्हता. माळ समोरच होता. इंग्रजीत अशा पक्ष्यांना ‘गेम’ म्हणतात, म्हणजे ज्यांची शिकार हा सभ्य माणसाचा खेळ आहे ते. १८७९ ते १८८१ या काळात हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या ‘गेम’ पक्ष्यांवर तीन खंडी ग्रंथ निघाला. त्याचे एक लेखक होते अ‍ॅलन ऑक्टाव्हियन ह्यूम. हो, तेच, १८८५च्या राष्ट्रीय सभेचे.

पण त्याच माळावर तोच पक्षी आणखी कुणीतरी धरत होतं, बंदुकीशिवाय. फासेपारधी.

फास कसा असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, समजलं मात्र शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर. तिथले एक आजोबा (मी त्यांना आजाच म्हणते) फास लावून दाखवायला तयार झाले नाहीत. “केस होती, बाई.” पण हाताने हवेत दाखवलं. पूर्वी तातीचे किंवा घोड्याच्या केसांचे, नंतर नायलॉनचे सरकते फास, एका लांब दोरीला ओळीने बांधलेले, आणि दोरी खुंट्यांनी जमिनीलगत ताणलेली. लावा उडायला आळशी. संकट दूर असेल तर तो गवतातून चालत सटकतो. पारधी त्याला घाई करत नाही. लांबून, वळसा घेत, हळूहळू त्याला त्या ओळीकडे चालवतो. तितराला वेगळं. पिंजऱ्यातला पाळलेला तितर ओरडायला लावला की त्या इलाख्याचा मालक भांडायला धावत येतो आणि फासात पाय घालतो. आजा म्हणाले, “तितराला भूक नाय मारत, भांडण मारतं.”

आता बंदूक आणि फास यांच्याकडे कायद्याने कसं बघितलं ते बघा. माझ्या प्रबंधाचा कणा हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

१८८७ मध्ये रानपक्ष्यांसाठी पहिला अखिल भारतीय कायदा आला. नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत विणीच्या काळात पक्षी बाळगायला किंवा विकायला बंदी घालता येईल, एवढाच त्याचा आवाका. म्हणजे माळावर मारणाऱ्यापेक्षा बाजारात विकणाऱ्यावर त्याची नजर. १९१२च्या कायद्याने बंद हंगाम ठरवायची सोय केली आणि पक्ष्यांची यादी दिली. त्या यादीत माळढोक, तणमोर, मोर यांच्याबरोबर तितर आणि लावेही आहेत. त्याच्या एकच वर्ष आधी, १९११ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा नव्याने होऊन मुंबई इलाख्यालाही लागू झाला. १८७१चा मूळ कायदा मुख्यतः उत्तरेपुरता होता. आता इथल्या जमातींची नोंद, हजेरी, परवानगीशिवाय गाव न सोडणं हे सगळं सुरू झालं.

हे दोन कायदे वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी केले. इतिहासात ते वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. मीही सुरुवातीला तसंच लिहिलं होतं, एक प्रकरण वन्यजीवांचं, एक भटक्यांचं. पण माळावर उभं राहून बघितलं तर दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर पडतात. ज्याचा धंदा पक्ष्यामागे हंगामाप्रमाणे फिरण्याचा, त्याला एका कायद्याने हंगाम नाकारला आणि दुसऱ्याने फिरणं. बंदूकवाल्याला दोन्हींचा फारसा त्रास नव्हता. त्याला फक्त कॅलेंडर बघायचं होतं.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला देशभर संपला, विमुक्त दिन म्हणून तो दिवस आजही पाळला जातो. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्यपशू-पक्ष्यांचा स्वतःचा कायदा केला. आणि मग आला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. हा कायदा आपल्याला ‘शिकारबंदीचा कायदा’ म्हणून माहीत आहे, पण मूळ मसुदा उघडून बघा. त्यात शिकारीचे परवाने आहेत! विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार आणि सापळ्याने प्राणी धरणं, असे चार वेगळे परवाने. लावे-तितर हे छोट्या शिकारीच्या यादीत. कागदावर ही सोय सगळ्यांना होती. पण परवाना म्हणजे अर्ज, फी, नोंदवही, कार्यालयाची फेरी. हजेरीच्या आठवणीने पोलीस ठाण्याच्या रस्त्यानेही न जाणारा माणूस हे करील, असं मला वाटत नाही. १९९१च्या दुरुस्तीने हे परवानेही गेले आणि छोट्या शिकारीचा खेळ सगळ्यांसाठीच संपला. पक्ष्यांच्या दृष्टीने ते बरंच झालं, हे मी स्पष्ट सांगते. माझ्या लेखांवर कधीकधी ‘म्हणजे शिकार सुरू करायची का?’ असा प्रश्न येतो. नाही. आज रानातला लावा किंवा तितर धरणं, विकणं, खाणं हा गुन्हा आहे आणि तो असायला हवा. कालव्याचं पाणी, ऊस, औद्योगिक वसाहत, प्लॉटिंग आणि ‘ओसाड जमीन’ म्हणून माळावर केलेली झाडांची लागवड यातून जेवढा माळ उरलाय, त्यात शिकारीला जागाच नाही. दौंडच्या शेजारी सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी राखलेलं. क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर.

मग पाटीवरचा लावा कुठून आला?

जपानहून, अमेरिकेमार्गे. जपानी लावा हा पाळीव झालेला पक्षी. भारतात तो १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाहून आणला गेला आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरला त्याच्या जाती तयार झाल्या. त्याचं वेळापत्रक ऐका. १७-१८ दिवसांत पिल्लू बाहेर, पाच-सहा आठवड्यांत विकायला तयार, सहा-सात आठवड्यांत अंड्यावर. अंडं १० ग्रॅमच्या आसपास. एका खोलीत शेकड्यांनी मावतो. पण नाव लाव्याचं असल्याने घोळ झाला. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने राज्यांना कळवलं की जपानी लाव्याच्या पालनाला नवे परवाने देऊ नका, कारण लावा हा वन्यजीव कायद्यात येतो. पाळणाऱ्यांनी आणि पशुवैद्यकांनी आरडाओरडा केला, हा पक्षी आमच्या शेडमध्ये जन्मलाय, याने रान बघितलेलंच नाही. दोनेक वर्षांनी ती अट मागे घेतली गेली. त्यानंतर ‘लावा मिळेल’ ही पाटी बिनधास्त लागू शकली.

म्हणजे माझ्या ताटातला लावा शिरूरचा नव्हताच. फक्त नाव शिरूरचं.

ही नावाची गंमत आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत सुपरमार्केटमध्ये ‘कॉर्निश गेम हेन’ नावाची चिमुकली कोंबडी मिळते, एका माणसाला एक. कोळशाच्या शेगडीवर अख्खी भाजायला तिथल्या लोकांना ती फार आवडते. नावावरून वाटेल की रानातून मारून आणलेली मादी. प्रत्यक्षात ती ‘गेम’ नाही आणि ‘हेन’ असेलच असंही नाही. सरकारी व्याख्येप्रमाणे ती पाच आठवड्यांच्या आतली साधी कोंबडी, साफ केल्यावर जास्तीत जास्त २ पौंडांची, नर किंवा मादी कुणीही चालेल. १९५०च्या दशकात कनेक्टिकटमधल्या मॅकॉव्स्की दांपत्याने ती लोकप्रिय केली असं मानतात. विनोदी पियानोवादक व्हिक्टर बोर्ग यानेही तिचा फार्म काढला होता. शिकारीची ऐट, पण शिकार न करता.

आणि यातलं ‘कॉर्निश’ मला थेट परत आपल्याकडे घेऊन आलं. कॉर्निश ही इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातली कोंबडीची जात. तिचं मूळ नाव होतं ‘इंडियन गेम’. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून नेलेल्या असील कोंबड्यांचा तिथल्या झुंजीच्या कोंबड्यांशी संकर करून ती तयार झाली. श्रेय सहसा वॉल्टर गिल्बर्ट या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याला दिलं जातं. म्हणजे इथल्या ‘गेम’चा अर्थ शिकार नव्हे, झुंज! असील म्हणजे आपल्याकडचा लढाऊ कोंबडा, रुंद छातीचा, आखूड चोचीचा. इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या झुंजी १८३५ला कायद्याने बंद झाल्या. झुंजीला ती जात फारशी उपयोगी निघाली नाही, पण छातीवर मांस भरपूर. पुढे जगभरच्या ब्रॉयलरच्या नर बाजूच्या वंशात हीच कॉर्निश वापरली गेली.

आता दौंडच्या बाजूला या. उरुळी कांचनला कुक्कुटपालनाचं शिक्षण देणारी संस्था आहे, पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा कारभार आहे, आणि पुणे जिल्ह्याच्या या पूर्वेकडच्या पट्ट्यात शेताशेतात ब्रॉयलरची लांबलचक शेडं दिसतात. तंदुरीसाठी हॉटेलवाले मुद्दाम लहान कोंबडी मागतात, साफ केल्यावर किलोच्या आतली. तीच आपली ‘गेम हेन’ म्हणायला हरकत नाही. तिच्या छातीत असीलचा अंश आहे. इथून लढवय्या म्हणून गेला, दीडशे वर्षांनी तंदुरी म्हणून परत आला. सोमेश्वराच्या दरबारात लावा आणि कोंबडा शेजारी शेजारी झुंजत होते, शिरूरच्या शेगडीवर शेजारी शेजारी भाजले जातात. दोघांनीही मधल्या काळात पासपोर्ट बदललेत, एवढंच.

कोळशाचं राहिलं. मामांना विचारलं, कोळसा कसला? “बाभळीचा.” कुठली बाभूळ? “वेडी.” वेडी बाभूळ ही मूळची अमेरिका खंडातली. १८७०च्या दशकात इंग्रजांनी ओसाड जमिनीवर सरपणासाठी ती हिंदुस्थानात आणली आणि मग ती कुणाचं ऐकेना. गवताळ माळ खाऊन टाकणाऱ्यांत तिचा नंबर वरचा. म्हणजे ज्या झाडाने रानातल्या लाव्याची जागा घेतली, त्याच झाडावर शेडमधला लावा भाजला जातो. कोळसा मात्र उत्तम. लाकूड घट्ट, निखारा बराच वेळ टिकतो, ठिणग्या कमी.

हा कोळसा पाडतं कोण, तर बरेचदा रायगडकडून कुटुंबं घेऊन आलेले कातकरी. लाकूड रचून, वर पालापाचोळा आणि मातीचा लेप देऊन, थोडीच हवा जाईल अशी भोकं ठेवून भट्टी काही दिवस धुमसत ठेवायची. रात्री उठून बघावं लागतं. माती कुठे खचली आणि हवा घुसली की कोळशाऐवजी राख. आधी दाट पांढरा धूर येतो, तो विरळ आणि निळसर झाला की आत काम झालं. ही मजुरी उचल घेऊन केली जाते आणि उचल फिटत नाही, यावर बरंच लिहिलं गेलंय. मी त्यावर वेगळा लेख लिहीन, दोन ओळींत उरकण्याचा विषय नाही तो.

शेवटी ते ताट. दोन लावे मी बांधून घेतले आणि वस्तीवर आजांकडे गेले. गार झाले होते, माझी चूक. आजांनी एक उचलला, आधी पाय बघितले, मग छाती दाबली. त्यांच्या नातवाशी ते त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची, मला अजून अर्धीच कळते. नातू हसला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “ह्यो कुठला?”

मी सांगितलं. जपान, शेड, सहा आठवडे. धरला तरी केस होत नाही हेही सांगितलं. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. खाल्ला, हाडं बाजूला ठेवली. अकोला-वाशिमकडे फासेपारध्यांच्या काही वस्त्यांनी गवताची रानं राखली आहेत, तिथे तणमोरासारखे पक्षी जपले जातात, हे मी त्यांना पूर्वी सांगितलं होतं. ते त्यांना पटलेलं होतं, पण त्यांच्या वस्तीभोवती राखायला रानच नाही. वस्ती गायरानावर, समोर ऊस, मागे प्लॉट.

“कितीला विकतो हॉटेलवाला?” नातवाने विचारलं. मी आकडा सांगितला. त्याने मनातल्या मनात हिशेब केला असावा.

“मग आमाला करता येईल का हे?”

मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. शेड लागेल, बारीक जाळीचे पिंजरे लागतील, पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे ऊब द्यायला बल्ब लागतील, रात्रंदिवस. बँकेकडे जायचं तर सातबारा मागतील.

आजांनी झोपडीच्या कुडाला टांगलेल्या सौरदिव्याकडे बोट दाखवलं. वस्तीवर विजेचा मीटर नाही. जागा गायरानाची म्हणून अर्ज दोनदा परत आलाय. नातवाने तो कागद आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ताई, तुम्ही लिहिता ना, मग यावर काय लिहायचं ते सांगा. तिसरा अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी, लाव्याची हाडं बाजूला सारून, त्याच जागी बसून लिहिला.